नजात वर काढ

माझा नवरा महरेज कवळ्या करतो. आमच्या समुद्रकाठच्या महदिया गावात साठीच्या पुढचं कुणी खरपूस पाव कडाकडा चावताना दिसलं, तर खुशाल समजावं की दात महरेजचे आहेत. गोदीमागच्या गल्लीत त्याचं एका खोलीचं दुकान आहे. भिंतीवर खिळ्यांना अवजारं टांगलेली आणि प्रत्येक अवजाराच्या मागे पेन्सिलीने काढलेली त्याची आकृती. अवजार उचललं की आकृती उघडी पडते आणि महरेजला चैन पडत नाही. लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा मी एकदा त्याची छोटी कात्री शिवणाला नेली. संध्याकाळपर्यंत तो त्या रिकाम्या आकृतीकडे असा बघत होता, जणू घरातलं कुणी गेलंय.

"हात आंधळा असतो, नजात," तो म्हणतो. "त्याला जागा शिकवावी लागते."

माझं नाव नजात. आमच्या भाषेत नजात म्हणजे सुटका, बचाव. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या नावाने आमचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता.

महरेजला दुसरा नाद होडीचा. एक शिडाची होडी, पांढरी, एवढीशी. आत दोन बाकं, एक चूल, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल एवढं छत. ती घेतली तेव्हा मला वाटलं, चला, नवरा-बायको दोघं बसून वारा खाऊ. पण माझ्या माहेरच्यांना वाराही एकट्याने खाल्लेला चालत नाही. दर रविवारी माझी आई, म्हणजे उम्मी, आणि माझा भाऊ तिजानी होडीवर हजर. उम्मीबरोबर कुसकुस, म्हणजे रव्याचे दाणे, वाफवायचं ते भलंमोठं दोन मजली भांडं, कोळशाची शेगडी, हरीशाची, म्हणजे लाल मिरचीच्या ठेच्याची, बरणी, कलिंगड आणि खाली अंथरायला गालिचा. रविवार आला की पोटुशी बाई चालावी तशी होडी गोदीतून बाहेर पडायची.

हे सगळं महरेजने सोसलं. सोसलं नाही ते एकच. त्याचा लहानपणचा मित्र लसअद बंदराच्या तोंडाशी बुडाला, धक्क्यावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत. धक्क्यावर तरंगतं कडं टांगलेलं होतं. पण कुणी चोरू नये म्हणून ते कुणा शहाण्याने तारेने गच्च आवळून बांधलं होतं. महरेज ती तार सोडवत राहिला. बोटं रक्ताळली, तार सुटली, तेव्हा पाण्यात काही उरलं नव्हतं. आजही तो कवळीची तार वळवतो तेव्हा त्याचा जबडा घट्ट होतो. मी ते बघते.

म्हणून त्याने तराफा मागवला. नारिंगी रंगाची जाड पिशवी, सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढी जड. दोरी होडीला बांधायची, पिशवी पाण्यात टाकायची, दोरीला हिसका द्यायचा, की आतला तराफा धाडकन फुगतो आणि त्यावर छपरासकट चार माणसं बसतात. पिशवीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत एकच शब्द छापला होता: नजात.

तिजानी हसून हसून लोळायचाच बाकी होता. महरेजला सगळे उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणतात. "उस्ता, एक नजात सांभाळता सांभाळता केस गेले तुझे, आणि दुसरी आणलीस?"

उम्मी हसली नाही. दृष्ट टळावी म्हणून तिने पाचही बोटं पसरून पंजा पिशवीपुढे धरला. "या लतीफ! देवा रे! घरात बुडण्याचं सामान! वाईट फाल आहे हा, पोरा. बाहेर काढ."

फाल म्हणजे शकुन. उम्मी चांगला फाल मानते आणि वाईट फाल त्याहून जास्त मानते.

"उम्मी," महरेज शांतपणे म्हणाला, "तुम्ही मक्केहून आणलेलं कफन कपाटात आहे ना? दर वर्षी उन्हात घालता. त्याने नाही का अपशकुन होत?"

"वा रे वा! मरण ठरलेलं आहे, त्याची तयारी करणं पुण्याचं. बुडणं कुठं ठरलंय? त्याला आवतण कशाला धाडतोस?"

महरेजने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्या दिवसापासून तराफा ठेवायचा कुठे, यावरून आमच्या घरात जे सुरू झालं ते वर्षभर संपलं नाही. आधी महरेजने तो डोलकाठीच्या पायाशी, उघड्यावर बांधला. तर धक्क्यावरची पोरं ओरडायला लागली, "उस्ता, हरगाला निघालात? आम्हालाही न्या की!" हरगा म्हणजे रात्री चोरून दर्या ओलांडून पलीकडे जाणं. आमच्या गावात ज्याच्या घरचं कुणी गेलं नाही असा उंबरा विरळा, तरी थट्टा त्याचीच करतात. मग गस्तीवाले येऊन दोनदा पिशवी चाचपून गेले. कवळ्या करणारा म्हातारा चार माणसांचा तराफा कशाला ठेवतो, हे त्यांना पटेना. शेवटी महरेजने मागच्या बाजूचा, बाकाखालचा मोठा खण रिकामा केला. सुकाणू धरून बसलं की हात खाली घातल्याबरोबर पिशवीचा पट्टा लागेल, अशी जागा. शेजारी लहान पिशवी: पिण्याचं पाणी, कोरडी बिस्किटं, शिट्टी, विजेरी, औषधं आणि धोक्याच्या वेळी पेटवायची लाल जाळाची नळकांडी.

"या खणात दुसरं काही ठेवायचं नाही," त्याने जाहीर केलं.

पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी उम्मीचं भांडं त्याच खणात गेलं, कारण दुसरीकडे ते कलंडतं. भांड्याखाली नजात. नजातवर शेगडी. शेगडीवर गालिचा. महरेजने सगळं उपसून बाहेर काढलं. पुढच्या रविवारी ये रे माझ्या मागल्या. एकदा पिशवी केबिनमध्ये उशी झाली. एकदा तिच्यावर पत्ते खेळले. लहान पिशवीतलं पाणी पाहुण्यांनी प्यायलं, कारण ते थंड होतं. बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि वर म्हणाले, जरा मऊ असती तर बरं झालं असतं. शिट्टी उम्मीने शेजारणीच्या नातवाला दिली.

आणि ती लाल नळकांडी! आमच्याकडे लग्नात, सामन्यात, पोरगं परीक्षेत पास झालं तरी तसला लाल जाळ पेटवतात. गाव लालेलाल होतं, बायका उलूलूचे चीत्कार काढतात. तिजानीला ती नळकांडी दिसणं म्हणजे मांजराला मासा दिसणं. महरेज नवी आणी, तिजानी नेई.

"अरे, ती बुडणाऱ्यासाठी असतात!" महरेज एकदा खरंच ओरडला.

"लग्न म्हणजे दुसरं काय असतं, उस्ता?" तिजानी म्हणाला, आणि उम्मीसकट सगळे हसले. मीसुद्धा हसले. महरेज तेवढा हसला नाही. तो रात्री अंथरुणावर बसून म्हणाला, "नजात, हे मला वेडा समजतात, त्याचं काही नाही. पण ज्या दिवशी हात खाली जाईल, त्या दिवशी हाताला कुसकुसचं भांडं लागेल." मग त्याने नवी नळकांडी कवळ्यांच्या डब्यात घालून केबिनमध्ये ठेवली. दुसऱ्याच्या दातांची तिजानीला शिसारी आहे. त्या डब्याला तो हात लावत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मासळीवाल्या हमादीच्या मुलाचं लग्न होतं. समुद्रासमोरच्या हॉलच्या गच्चीवर. आम्ही दुपारी बाहेर जाऊन, जेवून, लग्नाला परत येणार होतो. सकाळी धक्क्यावर उम्मीचं भांडं आलं आणि महरेजने ते वाटेतच धरलं.

"आज खणात नजात एकटी राहील. नाहीतर होडी सुटणार नाही."

"बघा, सासूच्या भांड्याला होडीत जागा नाही," उम्मी धक्क्याला ऐकवत म्हणाली.

"भांड्याला आहे. तुमच्या मांडीवर."

एवढं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. उम्मीने भांडं कवटाळलं. महरेजने खणाचं झाकण उघडून पिशवी वर, उजेडात ठेवली, पट्टा बाहेर काढला, आणि सगळ्यांना तरंगती जाकिटं चढवली. उम्मीने ते जाकीट पांढऱ्या सफसारीच्या आत घातलं, लोकांना दिसू नये म्हणून. अंगावर पांघरलेल्या त्या चादरीखाली ती चांगलीच गुटगुटीत दिसत होती. दिवसभर ती खणाकडे पाठ करून बसली.

जेवण झालं, चहा झाला. मला उन्हाने गुंगी आली, मी केबिनमध्ये बाकावर आडवी झाले. महरेज पुढे नांगर ओढण्यात गुंतला होता. पुढचं मला नंतर कळलं. उम्मीने तिजानीला खुणावलं. "ते उचल तिथून. सकाळपासून दर्या त्याच्याकडे बघतोय." तिजानीने नजातला उचललं आणि केबिनमध्ये मी झोपले होते त्याच बाकाखाली कोंबलं, वर गालिचा टाकला. खणात भांडं, शेगडी, उरलेलं कलिंगड. झाकण बंद. उम्मीला बरं वाटलं.

सूर्य बुडायला आला होता. बंदरावरचा जुना बुर्ज समोर दिसत होता, हॉलच्या गच्चीवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, ढोल ऐकू येत होता. तेवढ्यात होडी कशावर तरी आदळली. मी बाकावरून खाली पडले. पाण्याच्या पातळीला एक लाकडी होडी तरंगत होती, उलटी, अर्धी बुडालेली, निळा रंग. तिच्या तळाला अडकून एक लहान पायताण हलत होतं. ही हरगाची होडी, हे ओळखून तिजानीने तोंड फिरवलं. त्यातली माणसं कुठे, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

आमच्या होडीच्या पोटाला हातभर चीर पडली होती. बघता बघता केबिनमध्ये पाणी घोट्यापर्यंत आलं. मी महरेजला त्याचा कवळ्यांचा डबा दिला. त्याने एक नळकांडं काढलं, हात लांब धरला आणि पेटवलं. सगळा दर्या लाल झाला.

गच्चीवरून उलूलूचा मोठा चीत्कार उठला. टाळ्या पडल्या. ढोलाचा जोर वाढला. महरेजने दुसरं पेटवलं. आणि मग गच्चीवर एकामागून एक लाल जाळ पेटले. नवरदेवाचे मित्र कठड्यावर चढून ते हलवत होते. ती नळकांडी तिजानीनेच त्यांना दिली होती, आमच्याच पिशवीतली. आमचीच मदतीची हाक आम्हाला मुबारकबाद देत होती.

तिजानी कपाळावर हात मारून म्हणाला, "उस्ता, मला मार. आत्ता मार."

"नंतर," महरेज म्हणाला. तो खाली वाकला, न बघता, सवयीने, आणि हात खणात घातला. हाताला कुसकुसचं भांडं लागलं.

मी त्याचा चेहरा पाहिला. तसला चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. चाळीस वर्षांपूर्वीची ती तार पुन्हा त्याच्या बोटांत आली होती. त्याने विचारलं नाही की कुणी केलं. भांडं उचललं, समुद्रात फेकलं, आणि ओरडला, "नजात! नजात कुठंय?"

"खाली आहे!" तिजानी ओरडला.

"वर काढ! आधी नजातला वर काढ!"

इतक्या जिवाच्या आकांताने माझ्या नावाची हाक मी कधी ऐकली नव्हती. मी केबिनच्या पायरीशी गुडघाभर पाण्यात उभी होते. तिजानीने माझा दंड धरला आणि मला भरल्या पोत्यासारखं वर ओढलं. पायरीवर उभी असलेली उम्मीही मला ढकलायला लागली. "जा गं पोरी, तुझा नवरा बोलावतोय, जा!"

मी महरेजच्या पुढ्यात येऊन पडले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळला, "ही नाही! दुसरी!"

उम्मी थबकली. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं, सफसारी फुगून तिच्याभोवती तरंगत होती. "दुसरी?" ती म्हणाली. "दुसरी कोण?"

"नारिंगी! उम्मी, नारिंगी!"

तेव्हा कुठे तिजानीच्या डोक्यात उजेड पडला. तो खाली गेला. भिजलेला गालिचा दगडासारखा जड झाला होता. तो हटेना. महरेज खाली उतरला, मीही उतरले, तिघांनी मिळून गालिचा ओढला आणि पिशवी निघाली तेव्हा पाणी कमरेला आलं होतं. महरेजने दोरी बांधली, पिशवी टाकली, हिसका दिला. काहीच झालं नाही. दुसरा हिसका. मग धाडकन आवाज झाला आणि ते नारिंगी घर पाण्यावर उघडलं. गच्चीवरच्या लोकांनी त्या आवाजालाही टाळ्या दिल्या असतील.

उम्मीला चढवताना नाकी नऊ आले. ती आत बसली, आम्ही बसलो, महरेजने दोरी कापली. आमची पांढरी होडी नाक वर करून क्षणभर थांबली आणि गेली. महरेज तिच्याकडे शेवटपर्यंत बघत होता. किनाऱ्यावर नवरीचं गाणं चाललं होतं, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. मी संतापाने रडत होते, भीतीने नव्हे.

आम्हाला तराफ्यासकट उचललं ते सार्डिन धरायला निघालेल्या एका होडीने. तिचा रईस, म्हणजे तांडेल, लांबूनच ओरडला, "मबरूक! अभिनंदन! नवरा कोण आहे?" आणि जवळ आल्यावर, उम्मीला त्या तराफ्यात सफसारी पिळत बसलेली पाहून ओशाळला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "आम्ही म्हटलं लग्नातलीच मंडळी आहेत," तो म्हणाला. "मग वाटलं, वरातीतला जाळ पाण्याला टेकेल कशाला."

दुसऱ्या दिवसापासून घरात माणसांची रीघ लागली. जिवावरचं टळलं म्हणून लोक मिठाई घेऊन आले. मला वाटलं, आता तरी कुणी महरेजचे हात हातात घेईल आणि म्हणेल, तुझं खरं होतं बाबा. तो कोपऱ्यात बसून वाट बघत होता. तोंडाने कबूल करणार नाही, पण मला कळतं ना.

उम्मी मधोमध बसून सगळ्यांना सांगत होती. "वर्षभर ते भांड्याखाली होतं, काही झालं का? एक ओरखडा नाही. ज्या दिवशी याने ते उघड्यावर ठेवलं, त्याच दिवशी होडी गेली. मी झाकलं हो, पण उशीर झाला. तोवर दर्याने बघितलं होतं."

बायका माना डोलवत होत्या. हमादीची बायको म्हणाली, "आमच्या लग्नाला बाकी शोभा आली."

तिजानी बाहेर अंगणात उभा होता. तो एकटाच आत आला नाही.

महरेज उठून दुकानात गेला. मी मागोमाग गेले. तो कुणाच्या तरी खालच्या दातांना कानस लावत होता. भिंतीवरच्या आकृत्या सगळ्या भरलेल्या. आपलेच दात, आपलेच ओठ, त्याला कुणावर चिडताही येईना. माझं मात्र डोकं फिरलं होतं.

"एक विचारू? खरं सांग," मी म्हटलं. "एवढा जीव तोडून हाक मारलीस ती कुणाला? मला, का त्या पिशवीला?"

"पिशवीला."

"मला नाही?"

"तुला कशाला?" त्याने मान वरही केली नाही. "तू जागेवर होतीस."

मी काही बोलणार, तोच गल्लीतून उम्मीची हाक आली. "नजात! ए नजात!"

"कुठली?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"ती नारिंगी! गच्चीवर टाका ती. वर्षाचा कुसकुस वाळत घालायचाय. छप्पर आहे तिला, कबुतरं चोच घालणार नाहीत."

महरेजने कानस खाली ठेवली. हात पुसले. दाराशी जाऊन उम्मीला म्हणाला, "आणतो. पण वर भांडं ठेवायचं नाही."

"नाही हो ठेवत," उम्मी म्हणाली.

संध्याकाळी मी गच्चीवर गेले. नारिंगी छपराखाली कुसकुस पसरलेला होता, आणि तो वाऱ्याने हलू नये म्हणून वर शेजारणीकडून मागून आणलेलं मोठं भांडं ठेवलेलं होतं. महरेज कठड्याला टेकून उभा होता, समुद्राकडे पाठ करून. मी ते भांडं उचललं आणि जिन्यावरून खाली सोडून दिलं. ते गडगडत अंगणात पोचेपर्यंत त्याने मान वळवली नाही. मग तो हळूच हसला. किती तरी दिवसांनी.